बदलते हवामान, शेती आणि वने : संशोधन काय सांगते?

पर्जन्यमापकातील आकडा आणि शेतातील पीक यांचा मेळ बसत नाही, असा अनुभव अलीकडच्या काळात महाराष्ट्राच्या अनेक भागांत येऊ लागला आहे. हंगाम संपल्यावर तालुक्याच्या पावसाची बेरीज सरासरीच्या आसपास भरते. परंतु त्याच तालुक्यात सोयाबीन फुलोऱ्यात असताना तीन आठवडे थेंबही पडलेला नसतो आणि काढणीच्या वेळी दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळलेला असतो. कागदावरचा हंगाम समाधानकारक ठरतो आणि खळ्यावर मात रास उभी राहत नाही. हवामानातील बदलांचा शेतीवर व वनांवर काय परिणाम होतो, याविषयी केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांनी जे संशोधन केले आहे, त्याचा रोख हळूहळू या सरासरीकडून तिच्या पोटात दडलेल्या चढउतारांकडे वळला आहे. या संशोधनाचे निष्कर्ष आता आराखडे, सल्ले व योजना यांच्या रूपाने थेट ग्रामपंचायतीपर्यंत पोचतात. म्हणूनच ते कसे काढले जातात आणि त्यांवर कितपत विसंबावे, हे गावपातळीवर काम करणाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

जुनी परंपरा

हा अभ्यास अगदी नवा आहे, अशी समजूत दिसते. ती बरोबर नाही. भारतीय हवामान विभागाने पुणे येथे कृषी हवामानशास्त्राची स्वतंत्र शाखा १९३२ मध्ये सुरू केली. डॉ. एल. ए. रामदास हे या शाखेचे आद्य संशोधक होत. निरभ्र व शांत रात्री हवेचा सर्वांत थंड थर जमिनीला अगदी चिकटून नसून तिच्यापासून थोडा वर असतो, असे त्यांनी दाखवून दिले. हा थर पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटेल. परंतु वेधशाळेच्या पेटीत मोजलेले तापमान आणि रोपाला प्रत्यक्ष जाणवणारे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळाला व तो आजच्या संशोधनालाही लागू आहे.

याच सुमारास, १९३३ मध्ये, सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या पद्धतशीर संशोधनास प्रारंभ झाला. न. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधबंदिस्ती, मशागत, पेरणीचे अंतर आणि जमिनीतील ओल यांचा परस्परसंबंध वर्षानुवर्षे मोजला. पाऊस किती पडला यापेक्षा त्यातला किती जमिनीत मुरला, हा त्या प्रयोगांमागील प्रश्न होता. पुढे १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प आणि १९८३ मध्ये कृषी हवामानशास्त्राचा समन्वित प्रकल्प सुरू झाला. सोलापूर, अकोला, परभणी व दापोली येथील केंद्रांत पीक आणि हवामान यांच्या नोंदी सातत्याने घेतल्या गेल्या. आज हवामान बदलाविषयी ज्या अभ्यासांची चर्चा होते, ते या जुन्या नोंदवह्यांवरच उभे आहेत. चाळीस-पन्नास वर्षांची अखंड नोंद पाठीशी नसेल, तर एखादे वर्ष अपवादात्मक होते की बदललेल्या प्रवाहाचा भाग होते, हे कोणालाही सांगता येणार नाही.

मोजमापातून दिसलेला बदल

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतीय प्रदेशातील हवामान बदलाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा त्यात प्रमुख वाटा होता. या आढाव्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरमधील मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवते. याच्या अगदी उलट, एका दिवसात १५० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडण्याच्या घटना मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या.

एकूण पाऊस घटतो आणि अतिवृष्टी वाढते, ही विसंगती नव्हे. हवेचे तापमान १ अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अशी हवा पाऊस पाडण्यास वेळ लावते आणि पाडते तेव्हा एकदम पाडते. शाळेत हे गणिताच्या तासाला सहज शिकविता येईल. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. ५०० हेक्टरांच्या गावात एका दिवसात १५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ७५ कोटी लिटर पाणी त्या शिवारावर पडते. ते तासा-दोन तासांत आले तर मुरण्यास अवधीच मिळत नाही; माती घेऊन ते ओढ्याला लागते.

पावसाच्या खंडाचेही असेच गणित मांडता येते. फुलोऱ्यातील सोयाबीनला दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. वीतभर खोलीच्या हलक्या जमिनीत पिकास उपलब्ध होईल असे ४० मिलिमीटर पाणी साठते असे मानले, तर ते ८ दिवसांत संपेल. खोल काळ्या जमिनीत १५० मिलिमीटर साठा असेल, तर तेच पीक महिनाभर तग धरील. म्हणजे तीन आठवड्यांच्या एकाच खंडात एका बांधावरचे पीक वाचते व दुसऱ्या बांधावरचे करपते. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पडला. त्या वर्षी मराठवाड्यात नेमका हाच भेद शेताशेतांत दिसून आला. राज्य शासनाने प्रथम ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि नंतर हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती घोषित केली. तालुका हे एकक अपुरे पडते, याची जणू ती प्रशासकीय कबुलीच होती.

उद्याचे हवामान आज निर्माण करून

मागील नोंदींवरून पुढचे सारे सांगता येत नाही. त्यासाठी उद्याचे हवामान आज कृत्रिमरीत्या निर्माण करून त्यात पीक वाढवावे लागते. भारतीय कृषी संशोधन परिषदेने फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘निक्रा’ या राष्ट्रीय उपक्रमात अशा प्रयोगांना मोठे स्थान मिळाले. हैदराबादची केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था या उपक्रमाचा समन्वय करते. तेथे पारदर्शक भिंतींची पण वरून उघडी अशी दालने आहेत. त्यांत कर्ब-द्विप्राणील वायूचे प्रमाण वाढवून, दहा लाख भागांत ५५० भागांपर्यंत नेऊन, पिके वाढविली जातात. औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणात हे प्रमाण सुमारे २८० होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहे. दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगात उघड्या शेतात पिकाच्या वर अवरक्त किरणांचे तापक बसवून पिकाचे तापमान भोवतालापेक्षा ३ अंशांनी अधिक राखतात. पाऊस आल्याबरोबर शेतावर सरकणारी छपरेही काही संशोधन केंद्रांत आहेत. त्यांच्या साहाय्याने ऐन पावसाळ्यात पावसाचा खंड निर्माण करता येतो.

या प्रयोगांतून मिळणारे उत्तर सरळ नाही. कर्ब-द्विप्राणील वायू हे वनस्पतीचे अन्न आहे, त्यामुळे तो वाढल्यास कडधान्ये, गळिताची पिके, कापूस, भात आणि गहू यांची वाढ सुधारते. ज्वारी, बाजरी, मका व ऊस यांची अन्न तयार करण्याची पद्धती वेगळी असल्याने त्यांना या वाढीव वायूचा फारसा लाभ होत नाही. मात्र तापमान वाढले की परागसिंचनाच्या वेळी फुले गळतात, दाणा भरण्याचा काळ आखडतो आणि वायूने दिलेला लाभ उष्णता हिरावून घेते. शिवाय अशा वातावरणात पिकलेल्या धान्यात प्रथिने, जस्त व लोह यांचे प्रमाण घटते, असे जगभरच्या प्रयोगांत आढळले आहे. पोते तेवढेच भरले तरी त्यातील पोषण कमी, ही गोष्ट अंगणवाडीच्या आहाराशी निगडित आहे. तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

‘निक्रा’च्या अभ्यासावर आधारित जी अनुमाने केंद्र शासनाने संसदेत वेळोवेळी सादर केली, त्यांनुसार कोरडवाहू भाताचे उत्पादन २०५० पर्यंत २० टक्क्यांनी आणि २०८० पर्यंत ४७ टक्क्यांनी घटण्याचा संभव आहे. बागायती भातातील घट तुलनेने अल्प, म्हणजे अनुक्रमे ३.५ व ५ टक्के आहे. गव्हाच्या बाबतीत ती १९.३ व ४० टक्के, तर खरीप मक्यात १८ व २३ टक्के सांगितली आहे. सोयाबीनचे उत्पादन मात्र २०३० पर्यंत ३ ते १० टक्क्यांनी आणि २०८० पर्यंत १४ टक्क्यांनी वाढेल, असे अनुमान आहे.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, अनुकूलनाचे कोणतेही उपाय योजले नाहीत तर काय होईल, हे त्यांत सांगितले आहे. वाण, पेरणीची वेळ आणि पाण्याचे नियोजन बदलल्यास चित्र बदलते. भाषणांतून हे आकडे उद्धृत होतात तेव्हा ही अट बहुधा गळून पडते व संशोधनाची भविष्यवाणी होऊन बसते. दुसरी गोष्ट सोयाबीनची. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याने या वाढीच्या आकड्यावर निश्चिंत राहावे असे मुळीच नाही. हे देशव्यापी अनुमान आहे. शेंगा भरण्याच्या वेळी पडलेला खंड किंवा काढणीच्या तोंडावर शेतात साचलेले पाणी अशा सरासरीत विरून जाते, शेतकऱ्याच्या हिशेबातून मात्र विरत नाही.

गव्हाबाबत तर प्रयोगशाळेचा इशारा देशाने प्रत्यक्ष अनुभवला. वाढीच्या संपूर्ण काळात तापमान १ अंशाने वाढल्यास देशाचे गव्हाचे उत्पादन ४० ते ५० लाख टनांनी घटू शकते, असे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील अभ्यासातून पूर्वीच दिसले होते. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सर्व मार्च महिन्यांत सर्वाधिक नोंदले गेले. उत्तर भारतात गहू दाणा भरण्याच्या अवस्थेत होता. दाणा सुरकुतला, उतारा घटला आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

महाराष्ट्रात बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था दुष्काळ, उष्णता, क्षार, गारपीट अशा ताणांचाच अभ्यास करते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागात गारपीट झाली, तेव्हा या संस्थेने नुकसानीचा पीकनिहाय अभ्यास करून फळबागा व पिके सावरण्याच्या उपायांची पुस्तिका प्रसिद्ध केली. अशा आपत्तीत पंचनामा तेवढा होतो व अभ्यास राहून जातो, हा नेहमीचा अनुभव पाहता हे काम मोलाचे आहे.

जिल्ह्याकडून गावाकडे

देशातील ग्रामीण जिल्ह्यांना हवामान बदलाचा कितपत धोका आहे, याचे मूल्यमापन ‘निक्रा’अंतर्गत करण्यात आले. ५७३ जिल्ह्यांपैकी ३१० जिल्हे धोकाप्रवण ठरले. त्यांपैकी १०९ अतिशय आणि २०१ मोठ्या प्रमाणात धोकाप्रवण आहेत. साडेसहाशे जिल्ह्यांसाठी आपत्कालीन पीक आराखडेही तयार झाले. पाऊस दोन, चार किंवा सहा आठवडे लांबला, तर कोणत्या जमिनीत कोणते पीक व कोणता वाण घ्यावा, मध्येच खंड पडला तर काय करावे, हे त्यांत नमूद केलेले असते. आपल्या जिल्ह्याचा आराखडा जूनपूर्वी ग्रामसभेत वाचून दाखविणारी ग्रामपंचायत मात्र विरळाच आढळते.

राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच ‘पोकरा’, सुरू केला. मराठवाड्याचे ८ जिल्हे, विदर्भातील ६ आणि जळगाव यांतील सुमारे ५ हजार गावांपासून त्याची सुरुवात झाली. गावाच्या पाण्याचा ताळेबंद हा या प्रकल्पाचा विशेष होय. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी गणिती प्रारूप तयार केले. पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून जाते, किती जमिनीत ओलीच्या रूपाने राहते, किती भूजलात उतरते आणि गावाच्या पिकांना किती लागते, याचा हिशेब गावाच्या नकाशावर मांडला जातो. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम कृषी संजीवनी समिती तो पाहून कामे ठरविते. पाणी पिकांना पुरत नाही असे ताळेबंदात दिसले, तर केवळ नवे बंधारे मागून भागत नाही. कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यावे, हा प्रश्न समितीपुढे येतोच. तो अवघड आहे, कारण तो शेजाऱ्याच्या उसाबद्दलचा असतो.

याच गावांत रुंद वरंबा-सरी पद्धतीचा प्रसार झाला. पीक रुंद वरंब्यावर आणि दोन वरंब्यांमध्ये सरी, अशी ही रचना आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते व मुळे कुजत नाहीत. खंड पडला तर सरीत मुरलेली ओल कामास येते. एकाच हंगामात अतिवृष्टी व खंड दोन्ही सोसण्याची पाळी येते, तेथे दोन्ही बाजूंनी उपयोगी पडणारी ही साधी युक्ती महागड्या उपायांपेक्षा अधिक भरवशाची ठरली आहे.

या साऱ्या हिशेबाचा पाया पावसाचा आकडा आहे आणि तोच अजून विरळ आहे. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून प्रारंभी २०६५ महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. राज्यात गावे ४० हजारांहून अधिक आहेत. म्हणजे सुमारे वीस गावांमागे एक मापक. २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी मंडळाच्या केंद्रावर लागते; ढगफुटीसारखा पाऊस मात्र दोन-तीन शिवारांपुरताच पडू शकतो. शिवार खरवडून गेले आणि केंद्रावर ४० मिलिमीटरच नोंद झाली, तर ते गाव मदतीसाठी कागदपत्रे जमवीत बसते. प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्याची ‘विंड्स’ ही केंद्राची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली, ती यासाठीच. दुसरीकडे, कृषी विज्ञान केंद्रांत २०१८ नंतर उघडलेले जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद झाले, ही माघार म्हणावी लागेल. मापक वाढावेत आणि त्यांचा अर्थ सांगणारा माणूस कमी व्हावा, हे सुसंगत नाही.

वनांची नोंदवही

शेतकरी एका हंगामात पीक बदलू शकतो. वनाला ती सोय नाही. आज लावलेला साग ६० ते ८० वर्षांनी तोडणीस येतो. म्हणजे ज्या २०८० सालाची अनुमाने वर दिली आहेत, त्या वर्षीच्या उन्हातही आजचे रोप उभे असावयाचे आहे. वन विभागाची कार्य आयोजना साधारणतः दहा वर्षांसाठी तयार होते. दोन काळांतील हे अंतर भरून काढणे हेच वनसंशोधनापुढील मुख्य काम आहे.

सागाने स्वतःच एक नोंदवही ठेवलेली आहे. उष्ण कटिबंधातील बहुतेक वृक्षांत वार्षिक वलये स्पष्ट उमटत नाहीत. सागात ती उमटतात. चांगल्या पावसाच्या वर्षी वलय रुंद, दुष्काळात अरुंद. पुण्याच्या मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातील सागाच्या वलयांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका जुळविली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केली. प्रशांत महासागरात एल निनो असताना व मोसमी पाऊस कमी पडला असताना सागाची वाढ खुंटल्याचे त्यातून दिसले. पर्जन्यमापक येण्यापूर्वीचे दुष्काळ अशा रीतीने झाडाच्या खोडात वाचता येतात.

वनातील बदल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून झाडे मोजत राहावे लागते. तामिळनाडूतील मुदुमलाई येथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा कायम भूखंड आखला. १ सेंटिमीटरपेक्षा जाड अशा सुमारे २५ हजार झाडांवर क्रमांक लावून, कोणते जगले, कोणते मेले व कशाने मेले, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. ते वन पानगळीचे व सागाचे आहे, त्यामुळे विदर्भातील वनांसाठीही तेथील नोंदी बोधप्रद आहेत. वणवा, दुष्काळ आणि हत्ती या तिन्हींचा हिशेब तेथे वेगवेगळा मांडता येतो. हवामान बदलाच्या नावावर सर्वच हानी जमा करणे सोयीचे असते, पण ते शास्त्र नव्हे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१० च्या अहवालात पश्चिम घाटातील सुमारे १८ टक्के वनक्षेत्र २०३० च्या दशकापर्यंत बदलास बळी पडण्याजोगे ठरविले होते. हिमालयात हे प्रमाण ५६ टक्के सांगितले गेले. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने, बिट्स पिलानीच्या गोवा केंद्राच्या सहकार्याने, २०२१ च्या वनस्थिती अहवालात देशातील ४५ ते ६४ टक्के वनांना २०३० पर्यंत तापमानवाढीचे परिणाम सोसावे लागतील, असे अनुमान मांडले.

वणव्यांच्या बाबतीत संशोधनाचा उपयोग तात्काळ होतो. देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्र वारंवार वणव्यांच्या तडाख्यात सापडणारे आहे. वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या साहाय्याने वणव्यांची सूचना देते. आरंभी १ किलोमीटर चौरसाच्या तपशिलाने मिळणारी ही सूचना २०१७ पासून ३७५ मीटरपर्यंत सूक्ष्म झाली. आता ती वन कर्मचाऱ्यांप्रमाणेच नोंदणी केलेल्या कोणाही नागरिकाला भ्रमणध्वनीवर मिळू शकते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी ही नोंदणी करून घेणे सयुक्तिक ठरेल, कारण तेंदूपाने व मोह ही त्यांची उन्हाळ्यातील कमाई त्याच वनात असते.

उन्हाळा जसा कडक व कोरडा होत जातो, तसा पालापाचोळा लवकर पेट घेतो. विदर्भातील पुष्कळसे वणवे मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेल्या आगीतून पसरतात. त्यावर मोहाखाली जाळी बांधण्याचा उपाय अनेक ठिकाणी करण्यात आला आहे. जाळी एक-दोन हात उंचीवर बांधतात, रात्री गळलेली फुले तीवर साचतात आणि पहाटे एकाच झटक्यात गोळा होतात. आग लावावी लागत नाही, फुलाला माती लागत नाही आणि खाण्याजोगे स्वच्छ फूल म्हणून त्यास नेहमीपेक्षा अधिक दर मिळतो.